तीन नवे सेल, एक वाळलेला

परवा रविवारी रिठदला, आमच्याच ओसरीत, माझ्या मायनं स्वतःचा आवाज ओळखला नाही...

आधी थोडं सांगतो. बाबांची गायन पार्टी आहे. बाबा पेटीवर, माय पुढे गायला. जयंतीच्या दिवसांत शेलूबाजार, अनसिंग, कुठे कुठे कार्यक्रम व्हायचे. मागच्या वर्षी मायच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण सोबत आवाजही गेला. आता ती बोलते म्हणजे नुसती हवा येते. ओठ बघून समजून घ्यायचं.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी वाशीमच्या मित्राचा टेपरेकॉर्डर आणून तिचं एक गाणं भरून घेतलं होतं. बाबांच्या पेटीसकट. जगात तिचा आवाज आता तेवढाच शिल्लक आहे.

खरं सांगू? भरून घेतलं ते मायसाठी नाही, माझ्यासाठी. कॉलेजच्या लायब्ररीतल्या एका मासिकात वाचलं होतं, परदेशात सिंथेसायझर नावाचं वाद्य निघालंय, त्यात वीजच आवाज तयार करते. आणि दुसरं एक वाद्य असं, की प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा. पट्टी दाबली की खरा माणूस गातो! माझी झोपच उडाली. शब्दच नसलेलं नाटक करायचं ठरवलं, नुसत्या आवाजांचं... आणि मधोमध माय.

पण त्या मासिकात एक गोष्ट बजावून सांगितली होती. कुठलाही आवाज कुठल्याही आवाजाशेजारी बसत नाही. एकमेकांत नांदतील असेच निवडावे लागतात.

सहा महिने निवडतोय. चक्कीचं इंजिन, शेलूबाजारच्या जीपचा हॉर्न, तूर पाखडणं, घुंगरू... आपसात सगळे नांदतात. मायशेजारी ठेवला की एकही बसत नाही. ती सगळ्यांच्या वरून निघून जाते, पातळ, परकी. टेपमध्ये आवाज पातळ येतोच, असं धरून मी शेजारी बदलत राहिलो.

रविवारी मायनंच खूण केली. आधी कानाला बोट, मग गळ्याला. ऐकव म्हणून. इतके दिवस माझीच हिंमत होत नव्हती. मित्राचा टेपरेकॉर्डर अजून माझ्याकडेच होता. चार नवे सेल घातले आणि बटण दाबलं.

शेजारच्या गोदाकाकू दारातूनच हसल्या. "अवं, हे तं शाळेतली पोरगी गाऊन राह्यली!"

माय हसली नाही. पुढे वाकून ऐकत होती... मग तिनं मान हलवली. ओठांवरून कळलं, "मी नोय."

आणि उठून सुपात तूर घेऊन निवडायला बसली. आमच्याकडे पाठ करून. ऑपरेशननंतरही ती अशी बसली नव्हती... ती पाठ मला बघवेना.

"कोनाची टेप उचलून आनली बे?" बाबा तडकले.

"तुमचीच हाय बाबा. पेटी आयका ना."

बाबांनी कान दिला. "वाजवनं माहं हाय... पन पेटी माही नोय." मग खाटेखालून स्वतःची पेटी ओढली. वर्षभरात पहिल्यांदा. काळी चार दाबली. माय जन्मभर काळी चारमध्ये गायली. आणि टेप गात होती काळी पाचच्याही वर!

"पेटी कायले चढंन? तुहं यंतर पयून राह्यलं," बाबा म्हणाले.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाणं भरलं त्या दिवशी सेल संपत आले होते, लाल दिवा मिणमिणत होता. टेप हळू फिरली होती. आता नव्या सेलवर ती धावत होती, म्हणून आवाज चढला होता. सहा महिने मी भलत्याच बाईसाठी शेजारी शोधत होतो...

म्हणजे थकलेले सेल हवे! आमच्याकडे ते खातं मायचंच. टॉर्चचे संपलेले सेल ती छपराच्या टिनावर उन्हात वाळवते, आणखी दोन दिवस चालावे म्हणून. मी टिनावर चढलो. दोन वाळलेले घातले, तर टेपमधून चक्क पुरुष गायला लागला.

"आता तं मिशीवाला आला वं!" गोदाकाकू. बाबाही हसले. मायची पाठ तशीच.

मग तीन नवे, एक वाळलेला. पुन्हा सुरुवातीपासून. बाबांनी काळी चार धरून ठेवली. एक पेटी टेपमधली, एक बाबांची, दोन्ही एकमेकींवर थरथरत होत्या... सेल थकत गेला तशी थरथर संथ होत गेली. आणि एका क्षणी दोन्ही पेट्यांची एकच पेटी झाली.

आणि माय गायला लागली. माझी माय. तीच जराशी घोगरी, ओळ संपताना आवाज किंचित मागे ओढणारी...

तुरीचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. माय येऊन टेपजवळ बसली. हात गळ्यावर.

एक कडवं झालं. जेमतेम दीड. मग आवाज जड व्हायला लागला. मी वाकेपर्यंत तिनंच बटण दाबून टेप बंद केली. ओठ हलले, "उतरू नोको देऊ."

बाबांनी पेटी मात्र थांबवली नाही, तेच गाणं पुढे वाजवत राहिले. मायनं डोळे मिटले आणि राहिलेलं गाणं नुसत्या ओठांनी म्हटलं, शेवटपर्यंत. आवाज नव्हता... पण ती कुठल्या शब्दानंतर श्वास घेते ते बाबांना पाठ होतं. तिथे तिथे ते बरोबर थांबत होते.

त्या वेळी मी घरी होतो, ओसरीतच होतो... एवढं माझं नशीब.