पाचवं शील आणि गुळाची काहील

पौषात आमच्या भागात कुणी लग्न काढत नाही. आम्ही काढलं. आमच्या माणसांनी बौद्ध धम्म घेतला त्याला सात-आठ वर्षं झाली होती. मुहूर्त सुटला होता, पौषाची भीतीही सुटली होती. नवरामुलगा फौजेत, तेव्हा त्याची रजा हाच आमचा मुहूर्त. मग भर थंडीत चार दिवस पाऊस कोसळला आणि गावातल्या म्हाताऱ्या मोठ्या समाधानानं माना हलवू लागल्या.

कृष्णेच्या अलीकडं, साताऱ्याच्या हद्दीत आमचं गाव. पलीकडं, सांगलीच्या हद्दीत त्याचं. एरवी पौषात नदी अशी रोडावते की बायका लुगडं खोचून पलीकडं जातात. त्या वर्षी ती काठाला लागली. शाळू आडवा झाला, गोधड्या वाळेनात, ओल्या लाकडांच्या धुरानं सगळ्या घराचे डोळे लाल. नाव दोर तोडून खाली कुठंतरी निघून गेली होती. लग्नाचा दिवस गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि रजेचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी दोनच्या एस.टी.नं तो गेला की पुन्हा रजा कधी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आणि मला तर तोच हवा होता. एकदाच पाहिला होता. चहा बशीत ओतताना त्यानं अर्धा मांडीवर सांडला होता, तेवढ्यावर माझं ठरलं होतं.

आईला मात्र त्याच्यात एक खोट दिसायची. फौजेत रम मिळते. माझ्या वडिलांनी धम्म घेतला त्याच दिवशी दारू सोडली होती, पण त्याआधीची वर्षं आईच्या पाठीला आठवत होती. मुलगा बघायला आला तेव्हा तिनं रमेशिवाय दुसरं काही विचारलंच नाही. बिचाऱ्याला घाम फुटला.

वाट काढली ती गावातल्या एका रिटायर हवालदारानं. मराठ्याचं घर, भरपूर ऊस, नदीकाठी स्वतःचं गुऱ्हाळ. चुलवणाच्या भट्टीत पाणी शिरल्यामुळं गुऱ्हाळ बंद होतं आणि रस आटवायची भली मोठी, सपाट बुडाची लोखंडी काहील रिकामी पडली होती. पुरात अडलेली माणसं आमच्याकडं काहिलीतून आणतात, पण नवरी कुणी नेलेली नव्हती. वडील संकोचत त्याच्या दारात गेले. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत तो बायकोकडं न बघता उठला.

"रजा म्हंजी रजा," तो म्हणाला. "एक दीस उशीर झाला तर पोरगं क्वार्टर गार्डात, कोठडीत बसंल. चला."

त्या गुऱ्हाळावर आम्ही लांब उभे राहायचो आणि गूळ वरून हातावर पडायचा. त्या दिवशी मी त्याच काहिलीत मधोमध बसले, पांढरी साडी सावरत. बुडाला गुळाची खरवड राहिली होती, ती मला चिकटली. मला इतका आनंद झाला की नदीला भ्यायचं राहूनच गेलं. नंतर त्यांनी काहील घासली असणार. हंगामात रोजच घासतात. मी काही विचारायला गेले नाही.

वडील पहिल्या खेपेत पोचले होते. दुसऱ्या खेपेत आई आणि मी. हवालदार आणि त्याचे दोन गडी कमरेला वाळके भोपळे बांधून, काहिलीची कड धरून पोहत होते आणि थंडीनं तिघांचे दात वाजत होते. हिलना मत, असा हवालदारानं हुकूम सोडला. आम्ही नाही हललो. काहिलीला ना तोंड ना शेपूट; मधल्या धारेत शिरली आणि गरगर फिरायलाच लागली. आईनं डोळे मिटले. मी उघडे ठेवले, ही माझी चूक. आमचं गाव, त्याचं गाव, आमचं गाव, त्याचं गाव. मला हसू फुटलं. नवरीनं असं हसू नये, असं आई डोळे मिटूनच म्हणाली आणि मग तीही हसायला लागली.

पलीकडं उतरले तर जमीन थांबायला तयार नव्हती. तिकडच्या दोघी बायकांनी धरून मला मांडवात नेलं. दीड वाजून गेला होता. पताकांचा निळा रंग ओघळून वऱ्हाडाच्या टोप्यांवर उतरला होता. तसबिरींसमोर मेणबत्त्या लागल्या, आम्ही हात जोडले आणि एकेक शील म्हणायला लागलो. चार शीलं मी कशीबशी उभ्यानं काढली. पाचवं दारू न पिण्याचं. ते म्हणता म्हणता मी डावीकडं कलले, सावरले आणि उजवीकडं कलले.

मागून सासूबाईंचा आवाज आला. "पोरगी पिऊन आलीया व्हय?"

सगळ्या माना आईकडं वळल्या. ज्या बाईनं जावयाला रमेवरून घाम फोडला होता, तिच्याच लेकीवर हा आळ. आईचा चेहरा मला दिसत होता, दोन ठिकाणी. आता लग्न मोडतंय असं मला खरंच वाटलं, तरी हसू आवरेना. तेवढ्यात ओल्या धोतरातला हवालदार खांब धरत आत आला.

"आवं, प्याली न्हाई ती," तो म्हणाला. "म्या नदीत फिरवलीया तिला."

मग मांडवच हसायला लागला. नवऱ्यानं माझं कोपर घट्ट धरलं आणि पाचवं शील पुन्हा म्हणवून घेतलं गेलं. या खेपेला मी ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की नदीपलीकडंही ऐकू गेलं असेल. दोनला पाच कमी असताना तो एस.टी.त चढला. मी तीन खिडक्यांना हात केला. त्यातल्या एकीत तो होता.

महिन्याभरानं मी माहेरी आले होते तेव्हा त्याचं पहिलं पत्र आलं. खुशाली झाल्यावर लिहिलं होतं, "पाचवं शील तू डुलत घेतलंस, मी ताठ उभं राहून घेतलं. इथं बर्फ पडतोय. माझी रम मी शेजारच्या जवानाला देऊन टाकतो. पण थंडी लय वाजते. स्वेटर पाठव."

मी ते आईला वाचून दाखवलं. ती उठली, बाजारात गेली आणि लोकर घेऊन आली. विणायला मलाही येत नव्हतं आणि तिलाही.