कोराडीच्या छावणीतला उखाणा

पुण्याहून डॉक्टरांची तुकडी नागपूरला निघाली, तेव्हा नोंदणी कारकून म्हणून मलाही जोडून दिलं. "पूरग्रस्तांना डॉक्टर औषध देतील. तू काय देणार?" वळकटी डब्यात चढवताना ह्यांनी चिडवलं. "कागद!" मी म्हटलं.

कोराडीला उतरल्यावर वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे मान मोडेस्तोवर पाहत राहिले. एवढं उंच माणसांनी बांधलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वसाहतीतल्या शाळेत छावणी होती, नदीकाठची गावं वर्गावर्गांत उतरली होती. न्याहारीला तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे आले. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी! वाढणाऱ्या कौसाबाई म्हणाल्या, "पुण्याच्या दिसता. पानी प्या वं बाई, पानी प्या."

प्रत्येक रोग्याचं कार्ड करायचं, एक त्याच्यापाशी, एक आमच्यापाशी. इतर छावण्या आणि नागपुरातल्या सदर भागातल्या इस्पितळातली कार्डं जीपने आमच्याकडे यायची, ती मी नावांनी लावायची. ज्या कार्डाच्या कडेला लाल रेघ, तो माणूस गेलेला.

दुसऱ्या सकाळी शांता नावाची तरुण बाई आली, कडेवर तान्हं. नवऱ्याला पुरातून काढून कुठल्याशा ट्रकमध्ये घातलं होतं, पुढचं तिला ठाऊक नव्हतं. तिच्या गावचे पुरुष चहूकडे पांगलेले.

"नवऱ्याचं नाव?"

तिने मान हलवली. पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "नाव घेतलं तं त्याईचं आयुष्य कमी होते, बाई."

"अहो, नावावाचून शोधू कसं?" माझा आवाज चढला.

"काहून ओरडून राहिल्या तिच्यावर?" कौसाबाई पोह्यांचं पातेलं ठेवून आल्या. "पोरी, उखाण्यात घे वं. उखाण्यात दोष नाई लागत."

शांताने पदर डोक्यावर ओढला, पोराला घट्ट धरलं.

"गेला गोठा, गेली गाय, गेलं घर नि ताट,
महादेवरावाचं नाव घेते, दावा मले त्याईची वाट."

लग्नाच्या पंगतीतले हसरे उखाणे मी शेकड्यांनी ऐकलेत. उखाण्यात एवढं बळ असतं हे ठाऊक नव्हतं.

महादेव हे नाव आणि तिचं गाव, एवढ्यावर शोधलं. सदरच्या गठ्ठ्यात कार्ड सापडलं. मी आधी कडेला पाहिलं. लाल रेघ नव्हती.

"पाय मोडलाय. शुद्धीवर आहेत."

ती खालीच बसली आणि रडू लागली. कौसाबाईही रडल्या, मीही.

दुपारच्या जीपने मीच तिला सदरला नेलं. खाटेपाशी उभी राहून ती एवढंच म्हणाली, "अवो." त्याने डोळे उघडले.

परतताना कौसाबाईंनी सांबारवड्या बांधून दिल्या (सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर). पुण्याचा फलाट गच्च भरलेला, हे भलत्याच डब्यात डोकावत होते. "अहो!" म्हणून हाक मारली, तर नको तेवढे पुरुष वळले, हे सोडून. मग वड्या सांभाळत मी ओरडले, "दत्तात्रेय!"

हे गर्रकन वळले. "अगं, भर फलाटावर नाव घेतलंस?"

"घेतलं," मी म्हटलं. "वळून बघायला तुम्ही होतात ना." आणि मग मला रडू आवरेना.