लेकीला घेऊन एकटीनं

नवरा कॅनडाला गेला तेव्हा आमची लेक तीन महिन्यांची होती. आधी त्यानं जाऊन नोकरीत रुळायचं, घर बघायचं आणि मग आम्हाला बोलवायचं, असं ठरलं होतं. मी लेकीला घेऊन माहेरी सोनपेठला राहिले. आमचे व्हिसा हातात पडले तोवर ती आठ महिन्यांची झाली होती. तिला खालचे दोन दात आले होते, आणि फोनच्या पडद्यावरच्या बापाला ती चापट्या मारायची.

नवऱ्याला इतक्यात सुट्टी मिळणार नव्हती. म्हणजे एक तर दिवाळीपर्यंत थांबायचं, नाहीतर लेकीला घेऊन मी एकटीनं जायचं. विमानात मी तोवर एकदाच बसले होते, लग्नानंतर, तेही नवऱ्याच्या शेजारी. सासूबाईंचे गुडघे त्यांना जिनासुद्धा चढू देत नव्हते. आई-अण्णांकडे पासपोर्टच नव्हते. घरात आठवडाभर याच विषयावर बोलणं चाललं. अण्णांचं म्हणणं होतं की थांब, घाई काय आहे, एवढ्याशा लेकराला घेऊन कुणी समुद्र ओलांडतं का. आई स्वतः परभणीच्या पुढं कधी एकटी गेली नव्हती. मला वाटलं तीही अण्णांचीच री ओढणार. पण ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊ द्या तिला. लेकरू बापाला फोनमधलं चित्र समजायलंय."

दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन तीनेक वर्षं झाली होती, पण प्रवास हा अजूनही त्यांचाच विषय. जायचं ठरलं म्हटल्यावर त्यांनी विरोध गुंडाळून ठेवला आणि माझी तयारी करून घ्यायला लागले. अंगणात भिंतीकडं तोंड करून प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या अगदी चिकटवून मांडल्या. मधल्या खुर्चीत मी आणि मांडीवर लेक. आईनं वरणभाताचं ताट आणून द्यायचं, आणि लेकीचा हात ताटात जाऊ न देता मी ते एका हातानं खायचं. पहिल्या दिवशी वरण लेकीच्या डोक्यावर सांडलं. दुसऱ्या दिवशी अण्णा अनोळखी प्रवासी होऊन शेजारच्या खुर्चीत बसले आणि ती रडायला लागली की आठ्या घालून माझ्याकडं बघू लागले. मला हसू आवरेना.

"हसू नको," ते म्हणाले. "लोक असंच बघत्यात. तू त्यांच्याकडं बघायचंच न्हाई. लेकराकडं बघायचं."

शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून काय चाललंय म्हणून विचारलं. आईनं सांगितलं, विमान चाललंय.

विमान हैदराबादहून होतं. आमच्याकडून मुंबईपेक्षा हैदराबादच बरं पडतं. परभणीहून रेल्वेनं दोघं माझ्यासोबत आले. विमानतळाच्या दारात तिकिटं बघणाऱ्या जवानानं आई-अण्णांना तिथंच थांबायला सांगितलं. उभी हयात दुसऱ्यांची तिकिटं तपासलेल्या अण्णांनी त्याच्याशी वाद घातला नाही. आईनं लेकीची पापी घेतली आणि तिच्या गालावरची तीट बोटानं नीट केली. अण्णांनी माझ्या पाठीवरच्या बॅगेचे पट्टे ओढून पाहिले, ते घट्ट असूनसुद्धा पुन्हा ओढले. मग म्हणाले, "एकच सांगतो. लेकरू कुणाच्या हातात देऊ नको. कुणी कितीबी गोड बोललं तरी."

आत गेल्यावर मी काचेतून एकदाच मागं पाहिलं. दोघं तिथंच उभे होते. मी पुन्हा पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर परत फिरले असते.

आखातापर्यंतच्या पहिल्या विमानात लेक सगळा वेळ झोपली. मला वाटलं, एवढंच असतं तर उगाच घाबरत होतो आपण. खरं काय ते दुसऱ्या विमानात कळलं. मला सगळ्यांत पुढची जागा दिली होती, कारण तिथं समोरच्या भिंतीला बाळाचा पाळणा अडकवता येतो. एका बाजूला एक तरुण मुलगा होता. विमान उडायच्या आधीच त्यानं कानाला हेडफोन लावले आणि डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. दुसऱ्या बाजूला एक मुसलमान म्हातारी होती. अंगात पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, चष्म्याला काळी दोरी आणि हातात जपमाळ. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि डोळे मिटून ओठ हलवायला लागली.

पाळण्याची एक अट होती. विमान जरा हललं आणि पट्ट्याचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यायचं. विमान सारखंच हलत होतं. लेकीचा डोळा लागला की दिवा लागायचा, मी तिला उचलायची, की ती जागी. असं दोन-तीनदा झाल्यावर तिनं जो सूर लावला तो काही केल्या थांबेना. अंगावर पाजून पाहिलं, केळं कुस्करून पाहिलं, पुढून मागं, मागून पुढं फिरवून पाहिलं. लोक बघत होते. अण्णांनी बजावलं होतं तसं मी लेकीकडंच बघत राहिले.

त्यात मला बाथरूमला जायचं होतं. हैदराबाद सोडल्यापासून गेलेच नव्हते. रडणाऱ्या लेकराला घेऊन त्या कपाटाएवढ्या खोलीत कसं जायचं ते कळेना. हवाई सुंदरीला सांगितलं, ती पाच मिनिटांत येते म्हणाली आणि जेवणाची गाडी ढकलत निघून गेली. मी उठायची, लेकीला आवरत परत बसायची. शेवटी मलाच रडू यायला लागलं. लेकीच्या डोक्याआड तोंड लपवून रडत होते, तेवढ्यात गुडघ्यावर कुणाचा तरी हात आला.

"देओ मेरेकू," म्हातारी म्हणाली.

मी मान हलवून नको म्हटलं.

"कब से देख रई मैं, उठती, बैठती. जाओ तुम. मैं बच्ची को लेके कां जातीं? नीचे समंदर है."

अण्णांचं बोलणं ऐकून एक दिवससुद्धा झाला नव्हता. मी लेकीला तिच्या हातात दिलं आणि पळाले.

आत तोंडावर पाणी मारत असताना लक्षात आलं, रडणं ऐकू येत नाही. आधी बरं वाटलं, आणि लगेच अण्णांचं बोलणं आठवलं. हात न पुसताच बाहेर आले. लेक म्हातारीच्या मांडीवर उभी होती, चष्म्याची दोरी चघळत होती. म्हातारी तिच्या पोटावर फुंकर मारत होती, आणि दर फुंकरीला लेक खदखदून हसत होती.

मग आमचं बोलणं सुरू झालं. तिची बोली मला परकी नव्हतीच. सोनपेठच्या बाजारात बांगडीवाल्या, गॅरेजवाले असंच बोलतात, अण्णाही त्यांच्याशी तसंच बोलतात. मी त्याच बोलीत उत्तर दिलं तर ती चमकून म्हणाली, कुठली गं तू? परभणी म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. लहानपणी ती आईसोबत परभणीला दर्ग्याच्या उरुसाला आली होती. गर्दीत आईचा हात सुटला आणि ती एका बांगडीवालीच्या दुकानात रडत बसली. आई सापडेपर्यंत त्या बाईनं तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरून टाकले होते. हे सांगताना तिनं आपले रिकामे हात माझ्यापुढं धरले.

आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मी काढली. विमानातलं जेवण तिच्याही घशाखाली उतरलं नव्हतं. आम्ही दोघींनी ते खाल्लं. नंतर तिनं मला झोप म्हणून सांगितलं, आणि मी खरंच झोपले. लेक झाल्यापासून इतकी गाढ झोप मला लागली नव्हती. उठले तेव्हा लेक पाळण्यात होती आणि म्हातारीचा एक हात पाळण्याच्या काठावर होता. मग ती झोपली आणि मी जागी राहिले.

उतरायच्या थोडं आधी ती आपल्याबद्दल बोलली. मुलीचं पहिलं बाळंतपण होतं, त्यासाठी ती निघाली होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. एकटीनं प्रवास असा पहिलाच. इंग्रजी येत नव्हतं. विमान हललं की तिला वाटायचं, झालं, संपलं. माळ त्यासाठीच चालली होती. मी म्हटलं, आणि त्यात माझ्या पोरीनं तुम्हाला किती त्रास दिला.

"त्रास कैसा," ती म्हणाली. "रोती थी तो अच्छा लग रा था. मेरे हिस्से का भी वोइच रो रई थी."

विमान टोरंटोला उतरलं. दारात तिच्या नावाची चाकाची खुर्ची उभी होती. चालायला ती ठणठणीत होती, पण सासू एवढ्या मोठ्या विमानतळावर हरवू नये म्हणून जावयानं ती खुर्ची सांगून ठेवली होती. तिला त्यात बसायची लाज वाटत होती. मी लेकीला तिच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, आता हिच्यासाठी बसा. मग ती ताठ बसली. एक सरदारजी खुर्ची ढकलत होते, मी दोघींच्या बॅगा घेऊन बाजूनं चालत होते. खुर्चीची रांग वेगळी आणि छोटी असते. तपासणीच्या खिडकीत अधिकाऱ्यानं विचारलं, या तुमच्या कोण? मी सांगितलं, विमानात शेजारी होत्या, त्यांच्या मुलीचं बाळंतपण आहे. त्यानं लेकीकडं पाहिलं, ती म्हातारीच्या ओढणीचं टोक तोंडात घालून बसली होती. पुढं म्हातारीला विचारायचे प्रश्न तो मलाच विचारत गेला, मी तिला विचारून उत्तरं देत गेले.

बाहेर नवरा उभा होता. जाड जॅकेटमध्ये तो मला वाळल्यासारखा दिसला. त्यानं दोन्ही हात पुढं केले. लेकीनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हातारीच्या छातीत तोंड खुपसून भोकाड पसरलं. त्याचे हात तसेच राहिले. पाच महिने तो याच क्षणाची वाट बघत होता, आणि आता काय करावं हे त्याला कळेना.

म्हातारीनं त्याला जवळ बोलावलं. "जल्दी मत करो बेटा. पैले आवाज सुनने देओ उसकू."

तो खाली बसला आणि फोनवर हाक मारायचा तसंच हळूच म्हणाला, "ए चिमणे." लेकीचं रडणं थांबलं. ती त्याच्याकडं गेली नाही, पण वळून बघत राहिली. तेवढ्यात म्हातारीची मुलगी पोट सांभाळत येताना दिसली. मायलेकी एकमेकींना बिलगल्या, आणि मी माझी लेक परत घेतली.

घरी पोचल्यावर अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं, लेकीला परक्या बाईच्या हातात दिलं तेही सांगितलं. मग त्यांनी विचारलं, म्हातारीला काही खाऊ-पिऊ घातलं का. आईचे धपाटे घातले म्हटल्यावर म्हणाले, "मग बरं केलंस."

बापाशी सलगी व्हायला लेकीला काही दिवस लागले. आधी ती लांबून त्याला बघायची. मग तो जेवायला बसला की रांगत जवळ जायची आणि त्यानं हात पुढं केला की परत फिरायची. एका सकाळी तो बूट घालत होता, तेव्हा ती त्याच्या पँटला धरून उभी राहिली. त्या दिवशी तो ऑफिसला उशिरा गेला.

विमानतळावर आम्ही एकमेकींचे नंबर घेतले होते. महिनाभरानं म्हातारीचा फोन आला, नातू झाला होता. आम्ही तिघं बस बदलत बदलत तिच्या मुलीच्या घरी बाळ बघायला गेलो. वाटेत लेक बापाच्या खांद्यावर झोपून गेली. दार म्हातारीनंच उघडलं. ती काही बोलणार होती, पण तिचं लक्ष त्याच्या खांद्याकडं गेलं. मग तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि दार आणखी उघडून आम्हाला आत घेतलं.