बाबांच्या गाडीचा सेन्सर

परवाच्या रविवारी नेरला आई-बाबांकडे गेलो होतो, बाबांच्या गाडीचा सेन्सर बदलायला... तेव्हापासून मल्टिमीटर बॅगेतून बाहेर काढलेलं नाही.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली आणि स्वतःला एकच ड्यूटी लावून घेतली... दर चतुर्थीला आईला कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला न्यायचं. मी यवतमाळला राहतो, म्हणजे वाटेतच. मी नेतो तुम्हाला, असं कितीदा म्हणून पाहिलं. पण ते असे बघायचे, जणू मी त्यांना त्यांच्याच गाडीत तिकीट काढायला सांगतोय.

गेले काही महिने फोनवर त्यांची एकच तक्रार होती, "गाडी झटके मारून राह्यली." मागच्या चतुर्थीला तर आईचं डोकं समोर आपटता आपटता राहिलं. गाडी नीट झाल्याशिवाय मी तिच्यात बसणार नाही, असं तिने सांगून टाकलं. चतुर्थी जवळ आली आणि बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःहून मदतीला बोलावलं.

नेरच्या मेकॅनिकने थ्रॉटलचा सेन्सर गेलाय असं सांगितलं होतं. ॲक्सिलरेटर किती दाबला हे इंजिनला कळवणं, एवढंच त्याचं काम. तो उलटसुलट कळवायला लागला की गाडी गचके खाते. मी पोचल्यावर कापूस मार्केटपर्यंत एक चक्कर मारून आलो, तर गाडी मस्त चालली... पण हे सेन्सर लहरी असतात म्हणे. शिवाय नवा सेन्सर मी यवतमाळहून घेऊनच गेलो होतो.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, मेकॅनिक नाही. पण मीटर हातात आलं की माणूस स्वतःला इंजिनीअर समजायला लागतो, त्यातला मी. नवा सेन्सर बसवला, त्याचे दोन स्क्रू ढिले ठेवले. चावी ऑन, इंजिन बंद. पेडलवर पाय नसताना मीटरवर अर्धा व्होल्ट दिसला पाहिजे, म्हणून सेन्सर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसलो. मान आखडली, पण आकडा आला. स्क्रू घट्ट आवळले.

आता शेवटची टेस्ट. कुणीतरी ॲक्सिलरेटर अगदी हळूहळू शेवटपर्यंत दाबायचा, आणि मीटरवरचा आकडा न अडखळता साडेचारपर्यंत चढला पाहिजे. बाबा चप्पल काढून स्टीअरिंगवर बसले. मी बॉनेटखाली डोकं घालून म्हणालो, दाबा.

आकडा चढला, घसरला, पुन्हा चढला... नुसता नाचत होता.

दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. वायरी तपासल्या, अर्थिंग घासून साफ केलं, शेवटी वैतागून जुना सेन्सर परत लावला. तोही तसाच नाचला. मग बाबांना पाय काढायला सांगितलं आणि थ्रॉटलची केबल हाताने ओढून पाहिली. अर्धा, एक, दोन, तीन, साडेचार... लोण्यासारखा गेला आकडा. पुन्हा ओढली, पुन्हा तसाच.

म्हणजे जुना सेन्सरसुद्धा चांगलाच होता. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. पेडलच ढिलं झालं असेल म्हणून, परत एकदा दाबा, असं सांगून मी बघायला दाराकडे गेलो. बॉनेट उघडं होतं, त्यामुळे मी येताना बाबांना दिसलो नाही.

त्यांचा उजवा पाय पेडलवर थरथरत होता. आणि दोन्ही हातांनी त्यांनी आपला गुडघा घट्ट दाबून धरला होता.

मी आल्याचं त्यांना कळलं. त्यांनी हात काढले नाहीत. समोरच्या उघड्या बॉनेटकडे बघत शांतपणे विचारलं, "सेन्सरच खराब हाय नं?"

मी म्हणालो, "हो बाबा. सेन्सरच खराब हाय."

"मंग घेऊन जाय गाडी यवतमाळले. घाई नाही काही." चावी त्यांनी हातात दिली नाही, सीटवर ठेवली आणि दाराला धरून उतरले.

आईने चहा आणला. बाबांचा कप अर्धाच भरलेला... ती नेहमी तसाच देते, नंतर पुन्हा थोडा ओतते. मला वाटायचं, शुगरमुळे असेल. त्या दिवशी कळलं की ते चहा सांडू नये म्हणून, आणि तिला माझ्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

परत येताना नेर ते यवतमाळ, जुन्याच सेन्सरवर, गाडीने एकही झटका दिला नाही. एक तरी बसावा म्हणून मी वाट बघत होतो. खूप वाईट वाटलं... अजून वाटतंय.

काल चतुर्थी झाली. मी न्यायला येतो म्हटलं तर बाबा नको म्हणाले, बसने गेले दोघं. बाबा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसले होते, असं आईने फोनवर सांगितलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबांना, बीपी दाखवून येऊ, एवढंच सांगितलंय.

हे लिहावं की नाही, कळत नव्हतं. बाबा फेसबुकवर नाहीत, पण नेरचे बरेच मित्र इथे आहेत... त्यांच्यासाठीच लिहिलं. बाबा चौकात भेटले आणि गाडीचा विषय निघाला, तर ते सेन्सरचं सांगतील. पार्ट मिळत नाही म्हणतील. तुम्ही फक्त म्हणा, हो काका, जुन्या गाड्यांचं असंच असतं.

तुमचे फार उपकार होतील.