आज मी कप हलवला नाही

ओमानमधल्या इब्राच्या कॉलेजमधली माझी नोकरी आज संपली. सकाळी डीननीच सांगितलं, "व्हिसा रद्द झाल्याचे कागद आलेत. उद्याच्या विमानाने निघता येईल." नऊ वर्षं गणित शिकवलं इथे.

मित्रांनो, निरोपाला आमचा ऑफिसातला शिपाई खल्फान कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, घेऊन आला. इथे पुरे म्हणायचं असेल तर रिकामा कप हलवायचा असतो. पहिल्या दिवशी मला हे माहीत नव्हतं. तो ओतत राहिला, मी पीत राहिलो आणि सगळे पोट धरून हसले.

आज माहीत होतं, तरी हात हलेना. पाचव्या कपाला खल्फान म्हणाला, "उस्ताद, परत विसरलात? कप हलवा, खलास!"

"तू ओत," मी म्हटलं.

त्याने ओतला. थर्मास संपला तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाला, "अजून करून आणतो."

रविवारी, इथला आठवडा सुरू होताच, माझ्या वर्गावर इथलीच मरियम येईल. माझीच जुनी विद्यार्थिनी, छान शिकवेल. तिचा आठचा तास सुरू होईल तेव्हा माझ्या गावी, चिपळूणला, साडेनऊ वाजलेले असतील. त्या वेळी मी काय करायचं, कुणी सांगेल का?