मालतीबाईंनी मागितलेली शिक्षा

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारातून आम्ही दोघी शाळेकडे निघालो होतो. मालतीबाई पुढे, मी जरा मागे... साठच्या दशकातली सकाळ. मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि आमच्या मुख्याध्यापिका मालतीबाईंच्याच घरी राहत होते.

मागून जीप आली. जीप कसली, लाल धुळीचा लोटच! मी कुंपणाला चिकटले. बाई रस्त्याच्या अगदी कडेला होत्या, तरी जीपने त्यांना उडवलं.

चालवणारा वसंता. एका कंत्राटदाराचा ड्रायव्हर, ऐन पंचविशीतला. मालवणला सगळ्यात लवकर कोण पोचतं यावर बाजारात पैजा लागायच्या आणि वसंता त्या जिंकायचा. लोकांना त्याचं कौतुकच होतं, खोटं कशाला बोला...

त्या दिवशी मात्र तो थांबला. पांढराफटक पडला होता. त्यानेच बाईंना उचलून जीपमध्ये घातलं आणि मालवणच्या दवाखान्यात नेलं. बाई वाटभर कळवळत त्याला शिव्या देत होत्या, "मेल्या, आता तरी सावकाश चालव!"

पाय वाईट मोडला होता. जोडला गेला, पण आखूड राहिला तो कायमचाच.

कोर्टात केस उभी राहिली आणि आमच्या घरी माणसांची ये-जा सुरू झाली. आधी कंत्राटदार आले, आंब्याची पेटी घेऊन. त्यांचं म्हणणं, कोर्टात बाईंनी एवढंच सांगायचं, की छत्री उघडताना मीच रस्त्याच्या मधे आले. बाईंनी मला पेटी उचलून त्यांच्या गाडीत ठेवायला सांगितली.

मग बाईंचे थोरले भाऊ आले. ते संतापलेले. "मालू, तो दारू पिऊन होतो म्हणान सांग. सरळ आत जातलो."

"दादा, माका वास येवक नाय. मग सांगू कसा?"

"तुझो पाय गेलो आणि तू तेची बाजू घेतंस?"

 भाऊ न जेवता निघून गेले, आणि त्यानंतर पुष्कळ दिवस त्या भावंडांचं बोलणं बंद होतं. बाईंना त्याचा फार त्रास झाला. मी पाहिलंय ना...

कोर्टात त्या काठी टेकत उभ्या राहिल्या. गाडी बेफाम होती, म्हणाल्या. मी रस्त्याच्या कडेला होते. तो प्यायलेला नव्हता. पळाला नाही, त्यानेच मला दवाखान्यात नेलं. जेवढं घडलं तेवढंच, ना कमी ना जास्त. वसंताच्या वकिलाने फिरवून फिरवून विचारलं, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?" असं विचारतात की नाही मला ठाऊक नाही, पण त्यांनी विचारलं.

"साहेब, नुसता दंड केलात तर तो मालक भरील. नुसतं तुरुंगात टाकलंत तर बाहेर येऊन हा पुन्हा तशीच गाडी हाकील. याची गाडी काढून घ्या. सावकाशीची सवय लागेपर्यंत याला पायी चालू दे."

वसंताला थोड्या दिवसांची कैद झाली आणि लायसन चांगलं लांब मुदतीसाठी गेलं. कोर्टाच्या पायरीवर त्याची आई बाईंच्या समोर येऊन उभी राहिली. "बाई, तुमचो पाय बरो होतलो. माझ्या झिलाचा पोट खंयसून भरतला?"

मला वाटलं, आता बाई फटकारणार. त्या नुसत्या म्हणाल्या, "काकी, शिक्षा तेका आसा, तुमका नाय. तेच्या कामाचा मी बघतंय."

आणि बघितलंही. शाळेची नवी खोली बांधायची चालली होती. तुरुंगातून सुटल्यावर वसंता तिथे जांभ्या दगडाचे चिरे वाहायला लागला. रोज घरून चालत यायचा, चालत जायचा. बाई लंगडत वर्गाकडे जाताना त्याच्या समोरून जायच्या. तो मान खाली घालायचा. त्या पाठ फिरवून पुढे चालत राहायच्या. माफ केलं वगैरे त्या कधी म्हणाल्या नाहीत.

मुदत संपली. एका सकाळी आमच्या दारात टॅक्सी उभी राहिली. दुसऱ्याच कुणा मालकाची. वसंता खाली उतरला, पण अंगणात येईना.

"बाई, लायसन परत गावला. आज पयल्यांदा गाडी काढतंय. तुमी बसशात?"

बाई काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आल्या. "बसतंय. थांब, चपला घालतंय."

आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. मालवणपर्यंत बाई त्याच्याशी बोलत होत्या... आईची तब्येत कशी, धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं का, असं साधंच. आवाज अगदी शांत. पण सीटवर त्यांनी माझा हात धरला होता, आणि तो इतका घट्ट, की त्यांची नखं माझ्या तळव्यात रुतली.  वसंताला त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी कळू दिलं नाही.

गाडी इतकी हळू चालली होती, की मागची एसटी हॉर्न देऊन पुढे गेली.

हल्ली भरधाव गाडीने कुणाला चिरडल्याची बातमी आली, की खाली लोकांच्या प्रतिक्रियांमध्ये फाशीपासून सगळ्या शिक्षा लिहिलेल्या दिसतात. राग मला कळतो, तो रस्ता मी पाहिलाय. पण मला त्या टॅक्सीतल्या बाई आठवतात. शिक्षा व्हायलाच हवी म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, आणि ती भोगून झाली म्हणून जीव मुठीत धरून त्याच्या गाडीत बसल्या... अशा बाईंच्या हाताखाली मी मास्तरकी शिकले, हे माझं भाग्य.