पोहे खाऊन नकार

निवृत्त माणसं जमली की किस्से निघतातच. आमच्याकडे तर ते जुन्या वायरच्या भेंडोळ्यासारखे पडून आहेत. फक्त त्यांना एक खोड आहे, ऐकणारा हसतो आणि सांगणाऱ्याची मान खाली जाते.

कामच तसलं होतं. टेलिफोन खात्यात मी आणि लाइनमन भोसले नगर जिल्हाभर फिरलो. नव्वदच्या दशकात कुणी फोनसाठी अर्ज केला, की त्या पत्त्यावर लाइन मिळेल का, हे आम्ही जाऊन बघायचं. जवळ खांब हवा, आणि खांबावरच्या डबीत तारांची मोकळी जोडी हवी. बहुतेक ठिकाणी नसायचीच. पण ते सांगायच्या आत पोहे समोर यायचे.

*

शेवगावात एका घरी तर दारात रांगोळी! मी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "सध्या जमणार नाही."

घरातली आजी शांतपणे म्हणाली, "पोहे खाऊन न्हाई म्हननारे तुमी दुसरे. पयला आमच्या थोरलीला बघाया आल्ता."

तेव्हापासून आधी नकार द्यायचा असं ठरवलं. पण बशी हातात आली की कसला नकार न् कसलं काय.

*

भंडारदऱ्याकडे एकानं फोनसाठी भिंतीत कोनाडा करून ठेवला होता. वर विणलेला रुमालसुद्धा. भोसले म्हणाला, "अहो, खांब दरीच्या पलीकडं हाय. तार कशी आणायची?"

तो माणूस कोनाड्यावरचा रुमाल सारखा करायला लागला. मग म्हणाला, "मंग आमी घर पलीकडं बांधू का?"

चेष्टा नव्हती हो. खरंच विचारत होता.

*

पुणतांब्याजवळच्या एका वस्तीवर आम्ही पोचलो तर सतरंजी अंथरलेली. सरपंचांनी दोघांना टॉवेल, टोपी, नारळ दिला. भाषण झालं. टाळ्याही झाल्या. मग भोसले खांबावर चढला, डबी उघडली आणि वरूनच 'नाही' अशी मान हलवली.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सत्काराचं सामान परत करायला लागलो.

सरपंच म्हणाले, "टॉवेल-टोपी ऱ्हाऊ द्या. नारळ तेवढा द्या, देवाला परत साकडं घालावं लागंल."

*

दशक संपता संपता नगर शहरातल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "माझ्या घरी इंटरनेट मिळेल का?" आमच्या साहेबांनी तो प्रकार कधी पाहिला नव्हता, आम्ही तर नावच पहिल्यांदा ऐकत होतो. साहेब म्हणाले, "जाऊन बघून या."

आम्ही शिडी घेऊन गेलो. भोसलेनं डबीत नीट वाकून बघितलं आणि खाली येऊन प्राध्यापकांना म्हणाला, "सर, हितं तरी काय दिसत न्हाई."

ते हसले नाहीत. उलट आमचे आभार मानले. हसले असते तर परवडलं असतं.

*

हा शेवटचा मी सहसा सांगत नाही.

साळवेबाई बालवाडीतून निवृत्त झालेल्या, घरी एकट्या. मुलगा जोसेफ ट्रक चालवायचा, पार कलकत्त्यापर्यंत. एकदा त्याला अपघात झाला, तो बाईंना कितीतरी दिवसांनी कळला. तो सुखरूप पोचला की नाही एवढं कळावं, म्हणून त्यांना फोन हवा होता.

त्यांच्या गल्लीत एकच जोडी मोकळी होती. ती साहेबांनी शेजारच्या बंगल्याला द्यायला लावली. बंगल्याचे मालक मुंबईला, दाराला बारमाही कुलूप. तार मी आणि भोसलेनंच ओढली, बाईंच्या डोळ्यांदेखत. लाज वाटत होती, पण ओढली.

बाईंनी परत अर्ज केला. परत मलाच जावं लागलं. खांबाकडे न बघताही उत्तर मला ठाऊक होतं. बाईंनी चहा दिला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हातानंच थांबवलं.

"जरा दम धरा. वेळ झाली."

शेजारच्या बंद बंगल्यात फोन वाजायला लागला. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. फोन थोडा वाजून थांबला. परत तेवढाच वाजला आणि बंद झाला.

बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"पोचला नीट. जोसेफला ह्या बंगल्याचाच नंबर देऊन ठेवलाय. हं, बोला आता. आमच्या फोनचं काय झालं?"